भंडारदऱ्याच्या काठाने

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा विषय कामगार चळवळीचा असणार अशी त्यांची समजूत होती. तीस वर्षे साखर कारखान्यांच्या दारांत उभे राहून ज्याने भाषणे केली, त्याच्याकडून दुसरे काय मागायचे? परंतु आम्ही त्यांना सांगितले की, आम्ही एका तळ्याभोवती चालण्याविषयी बोलणार आहोत. पलीकडून थोडा वेळ काहीच उत्तर आले नाही. 'प्रवासवर्णन का?' असे त्यांनी अखेर विचारले. आम्ही म्हणालो, इतिहास. ज्या पाण्यावर आपले हे गाव उभे आहे त्या पाण्याचा इतिहास. पण तो आम्ही पायांनी वाचला, म्हणून पायांच्याच क्रमाने सांगू.

श्रोतेहो, 'आवर्तन' हा शब्द आपल्या भागात लहान मुलालाही ठाऊक असतो. आवर्तन सुटले की कालव्याला पाणी येते, विहिरींना पाझर फुटतो, गावचा साठवण तलाव भरतो. आवर्तन लांबले की तहसील कचेरीवर मोर्चा जातो. आम्ही स्वतः असे मोर्चे नेलेले आहेत. पण एकदा युनियनच्या सभेत आम्ही सहज विचारले, 'हे आवर्तन जिथून सुटते ते भंडारदरा कोणी कोणी पाहिले आहे?' दीड-दोनशे माणसांत सात-आठ हात वर झाले, आणि त्यांतलेही बहुतेक पावसाळ्यात एका दिवसात धबधबे पाहून परत आलेले. बाकीच्यांचे आयुष्य त्या पाण्याने उभे केले, आणि त्यांनी ते पाणी कालव्यात व नळात तेवढे पाहिले होते. आमचीही गत फारशी निराळी नव्हती. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर, पाळी संपल्यावर. १८८४ साली निघालेले अहमदनगर जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर आम्ही शब्दकोश शेजारी ठेवून वाचले होते. त्यात प्रवरा आहे, रतनगड आहे, महादेव कोळी आहेत. तळे मात्र नाही. असणार कसे? ते तेव्हा झालेच नव्हते. मग त्या जागी काय होते, हा प्रश्न मनात राहिला, आणि तो पुस्तकाने सुटेना.

मे महिन्यात, गळीत हंगाम संपल्यावर, आम्ही नऊजण निघालो. त्यांत एक टर्नर होता, एक बॉयलरवरचा, दोघे केन यार्डातले, एक निवृत्त शाळामास्तर आणि बाकीचे आमच्यासारखे फुटकळ. भाकरी, ठेचा, शेंगदाणे, गूळ, प्रत्येकी दोन पाण्याच्या बाटल्या आणि एक घोंगडी, एवढे सामान. तळ्याभोवती आता डांबरी सडक आहे. शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि परत शेंडी, असा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांचा फेरा मोटारीने दोन-अडीच तासांत होतो. आम्ही ठरवले की सडक सोडायची आणि जिथे जिथे पाय ठरेल तिथे पाण्याच्या काठाने जायचे. याला तीन दिवस लागले. मुरशेतच्या पुढे एका गुराख्याने आम्हांला करवंदीच्या जाळीतून बाहेर पडताना पाहिले आणि म्हणाला, 'भाऊ, वरनं चांगली सडक हाये की. मंग हिकडनं कशापायी?' टर्नरने उत्तर दिले, 'बघायचंय मामा.' गुराखी काही वेळ आमच्याकडे पाहत राहिला. 'काय बघायचंय?' याला मात्र आमच्यापैकी कोणाकडेच चटकन उत्तर नव्हते.

आता धरणाविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत या जिल्ह्याने तीन मोठे दुष्काळ पाहिले: १८७६ ते ७८, १८९६-९७ आणि १८९९-१९००. माणसे गावे सोडून गेली, गुरे मेली, आणि सरकारला सारा तर बुडालाच, वर दुष्काळी कामांवर खडी फोडायला लावलेल्या माणसांना जगवण्याचा खर्च आला. त्यानंतर १९०१ साली सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली पाटबंधाऱ्यांचे कमिशन नेमले गेले. दख्खनच्या पठारावर पाऊस बेभरवशाचा, पण सह्याद्रीच्या माथ्यावर तो हटकून पडतो. तेव्हा माथ्याशी पाणी अडवावे आणि दुष्काळी पट्ट्यात न्यावे, असा त्या सगळ्या विचाराचा गाभा होता. भंडारदऱ्याचे काम १९१० साली सुरू झाले. मध्ये पहिले महायुद्ध येऊन गेले. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले, आणि धरणाला त्यांचेच नाव पडले. तळ्याला नाव मिळाले ते आर्थर हिल या इंजिनिअराचे.

भिंत सुमारे २७० फूट उंच आणि पाचशे मीटरांहून थोडी अधिक लांब, दगडचुन्याची. साठा अकरा हजार दशलक्ष घनफुटांचा, म्हणजे आपण वर्तमानपत्रात ज्याला अकरा टीएमसी म्हणून वाचतो तो. आमच्याबरोबरचा बॉयलरवाला भिंतीच्या पायथ्याशी उभा राहिला आणि बराच वेळ मान वर करून पाहत होता. नंतर म्हणाला, 'हे दगड घडवणारे कोण?' प्रश्न बरोबर होता. सोळा वर्षे त्या दरीत पाथरवट, वडार, चुना मळणाऱ्या बाया आणि ओझी वाहणारी माणसे राबली. उद्घाटन करायला गव्हर्नर एक दिवस आला, आणि नाव त्याचे राहिले. अशा गोष्टींची आम्हांला सवय आहे. तरीही भिंतीला हात लावल्यावर त्या वेळी राग आला हे खरे. १९६९ साली या भिंतीला तडा जाऊन गळती लागली होती आणि पुढे मागच्या बाजूने दगडी टेकू देऊन ती मजबूत केली गेली. हे टेकू आजही दिसतात. म्हाताऱ्या माणसाला दोघांनी बगलेत धरून उभे करावे तसे ते दिसते.

शेंडी सोडल्यावर उत्तरेच्या काठाने पहिला दिवस गेला. नकाशावर तळ्याचा काठ म्हणजे एक वळणदार रेघ असते. प्रत्यक्षात तो काठ म्हणजे एका हाताची बोटे दुसऱ्या हातात अडकवावी तसा आहे. कळसूबाईच्या रांगेवरून उतरणारा प्रत्येक ओहोळ पाण्याला आत घेतो. समोरची टेकडी हाकेच्या अंतरावर दिसते आणि तिथे पोचायला पाऊण तास आत जाऊन पाऊण तास बाहेर यावे लागते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेले असते. मग वरची झाडी आणि खालचे पाणी यांच्यामध्ये उघडा पट्टा राहतो: वर काळा कातळ, त्याखाली घसरते दगडगोटे, त्याखाली वाळून भेगाळलेला गाळ आणि अगदी पाण्याजवळ गुडघाभर चिखल. या चार थरांपैकी कोणत्याही थरावर चालणे सोपे नाही. शाळामास्तरांची चप्पल दुपारपर्यंत तुटली. त्यांनी ती सुतळीने पायाला बांधली आणि उरलेले अडीच दिवस तशीच काढली. वर गेले तर कारवी आणि करवंदाची जाळी. करवंदे पिकलेली होती हे एक बरे. आम्ही चार पावले चाललो की आठ करवंदे खात होतो.

गाळाच्या पट्ट्यात एके ठिकाणी दगडांच्या सरळ ओळी दिसल्या. एकीखाली एक, पायऱ्यांसारख्या, पाण्यात उतरत गेलेल्या. केन यार्डातल्या दोघांपैकी एकजण शेतकऱ्याचा मुलगा. तो म्हणाला, 'हे बांध आहेत.' खाचरांचे बांध होते ते. भाताची खाचरे डोंगरउतारावर दगड रचून, माती धरून, पिढ्यान्‌पिढ्या घडवावी लागतात; ती एका हंगामात होत नाहीत. शंभर वर्षे पाण्याखाली राहूनही दगड एका ओळीत होते. गॅझेटियराला जो प्रश्न विचारता आला नाही त्याचे उत्तर ते होते. तळ्याच्या जागी शेते होती. दरीतली सगळ्यांत सपाट, सगळ्यांत खोल मातीची शेते. कारण पाणी आधी तीच बुडवते.

पांजऱ्यापासून घाटघरापर्यंतच्या मुलखाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. चार महिन्यांत तिथे काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत वर्षाकाठी पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात, एकाच कलेक्टरच्या हाताखाली, हे दोन्ही. पण मे महिन्यात आम्ही तिथल्या एका पाड्यावर प्यायला पाणी मागितले तेव्हा घरातल्या बाईने अर्धा तांब्या दिला आणि संकोचून म्हणाली, 'बाबा, झऱ्यावर गेलीय सून, ती आली का देते अजून.' पाड्यापासून तळे समोर दिसत होते. इतके पाणी, की त्यावर ढगांची सावली सरकताना मोजता यावी. ते पाणी उचलून वर आणायला पंप हवा, वीज हवी, परवानगी हवी. जमीन कातळाची असल्याने पाऊस आला तसा वाहून जातो. विहीर ठरत नाही. म्हणून जिथे सर्वांत जास्त पाऊस पडतो तिथल्या बायका चैत्र-वैशाखात झऱ्याशी रांग लावून वाटीवाटीने हंडा भरतात. आम्ही तो अर्धा तांब्या नऊजणांत प्यायलो आणि दुसरा मागण्याचे धैर्य झाले नाही.

घाटघरला सह्याद्री संपतो. संपतो म्हणजे अक्षरशः तुटतो. कड्यावर उभे राहिले की खाली शहापूर तालुका. तिथल्या वीजप्रकल्पाची रचना आम्हांला त्या आवारातल्या एका कामगाराने समजावून दिली. कड्यावर एक तलाव, कड्याखाली चोंढ्याला दुसरा. विजेची मागणी जास्त असते तेव्हा वरचे पाणी खाली सोडून वीज करायची. मागणी नसते तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवायचे. एकूण अडीचशे मेगावॉट, काम २००८ साली पुरे झाले. रोलरने दाबून घट्ट केलेल्या काँक्रीटची धरणे भारतात पहिल्यांदा इथेच झाली, हे तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, आणि तो अभिमान आम्हांला आवडला. त्या रात्री आम्ही मंदिराच्या ओसरीवर झोपलो.

चालता चालता मास्तरांनी आम्हांला कॅनडातल्या एका वाटेविषयी सांगितले होते. सुपिरियर नावाचे तिथे एक अजस्र सरोवर आहे. त्याच्या उत्तर काठावर पुकास्क्वा हे राष्ट्रीय उद्यान १९७८ साली झाले, आणि त्यातून साठ किलोमीटरांची पायवाट काठाकाठाने जाते. खडक, ओंडके, थंड पाण्याच्या नद्या, अस्वले. लोक आठवड्याचा शिधा पाठीवर घेऊन ती चालतात आणि निर्मनुष्य अरण्य पाहिल्याचे समाधान घेऊन परत जातात. परंतु तो काठ निर्मनुष्य नव्हता. अनिशिनाबे लोक तिथे फार पूर्वीपासून राहत, मासे धरत, शिकार करत. त्यांच्या पूर्वजांनी गोट्यांच्या काठावर रचलेले खड्डे आजही तिथे आहेत. १८५० च्या तहाने सुपिरियरच्या उत्तर काठावरची जमीन सरकारकडे गेली, आणि शंभर-सव्वाशे वर्षांनी तिथल्या एका तुकड्याला अरण्य हे नाव मिळाले. इथेही तेच नाव हळूहळू रुळते आहे. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले. शेकरू, बिबट्या, हिरडा, जांभूळ यांचे रक्षण व्हावे, याविषयी आमचे दुमत नाही. पण हिरडा गोळा करून ज्यांचे मीठ-मिरची चालते, त्यांनाच आपल्या रानात चोरपावलांनी जावे लागले तर ते रक्षण कोणाचे, एवढे विचारायला हरकत नसावी.

दुसऱ्या दिवशी साम्रदजवळची सांदण पाहिली. दोन उभ्या कातळांमधली ती अरुंद चीर, तिच्यात दुपारीही गारवा. तिथे शहरातून आलेल्या तरुणांची मोठी गर्दी होती. आम्ही फार थांबलो नाही. आमचे लक्ष रतनगडाकडे होते; म्हणजे गडापेक्षा गडाभोवतीच्या माणसांकडे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी डोंगरी किल्ल्यांवरच्या शिबंद्या मोडल्या. आमच्या भाषेत सांगायचे तर ती एका फटक्यात केलेली कामगारकपात होती. पिढीजाद किल्ल्यांची राखण, नाकेबंदी, घाटांची चौकी हे ज्यांचे काम, ते महादेव कोळी बेकार झाले. हक्क आणि वतने तुटली. सारा रोखीत द्यावा लागला आणि रोखीसाठी सावकाराचे दार धरावे लागले. १८३० च्या सुमारास रामजी भांगरे उठले. त्यांचे पुत्र राघोजी, अकोले तालुक्यातल्या देवगावचे, १८४४ पासून चार वर्षे या सगळ्या डोंगरपट्ट्यात सरकारला पुरून उरले. त्यांच्या माणसांचा पहिला रोख सावकारांच्या वह्यांवर असे. कर्जखते जाळली की कर्ज जळते, हा त्यांचा हिशोब सरळ होता. पुढे वारकऱ्याच्या वेशात असताना पंढरपूरला २ जानेवारी १८४८ रोजी ते पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. आम्ही लहानपणी इतिहासाच्या पुस्तकात १८५७ वाचले. त्याच्या नऊ वर्षे आधीचे हे प्रकरण आम्हांला चाळिशीनंतर कळले. आता तळ्याला राघोजी भांगरे यांचे नाव दिलेले आहे. आर्थर हिलच्या जागी ते आले, हे योग्यच झाले. मात्र ज्या खाचरांसाठी राघोजी लढले त्या धर्तीची खाचरे ज्या पाण्याखाली आहेत, त्याच पाण्याला त्यांचे नाव, ही गोष्ट आम्ही काठाने चालत असताना मनातून जाईना.

रतनवाडीला अमृतेश्वराचे देऊळ आहे. काळ्या दगडाचे, हेमाडपंती म्हणतात त्या घडणीचे. शिलाहारांच्या कुळातल्या झंज राजाने नद्यांच्या उगमांशी बारा देवळे बांधली आणि हे त्यांतले एक, अशी सांगी आहे. जवळ पुष्करणी आहे, तिच्या भिंतीत बारा देवकोष्ठे. प्रवरेचा उगम येथे रतनगडाच्या अंगावर होतो. श्रोतेहो, हीच प्रवरा खाली नेवाशाजवळून वाहते, जिथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि पुढे प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. कीर्तनात हे आम्ही शेकडो वेळा ऐकले होते. उगमाशी बसून ओंजळीत पाणी घेतल्यावर बॉयलरवाला, जो एरवी देवळात पाऊल टाकत नाही, काही न बोलता पायऱ्या उतरला आणि तोंड धुऊन वर आला. असो.

देवळाच्या पारावर एक आजोबा बसले होते. वय ऐंशीच्या पुढचे. धरण झाले तेव्हा ते जन्मले नव्हते. त्यांच्या आजाने ते पाहिले. ते म्हणाले, 'आजा सांगं, पाणी लई हळू आलं. आज बांधाशी, उद्या खळ्याशी. पुराचं पाणी येतं अन् जातं. ह्ये आलं ते बसलंच.' काय मिळाले, असे मास्तरांनी विचारले. आजोबा हसले. 'वरची जागा मिळाली की. कातळ.'

ज्या वर्षांत भंडारदऱ्याची भिंत चढत होती, त्याच वर्षांत, १९२१ ते २४ या काळात, मुळशीला सत्याग्रह झाला. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी टाटांच्या धरणाला विरोध केला, तुरुंग भोगला, आणि अखेर तेही धरण झाले. पण मुळशी महाराष्ट्राच्या स्मरणात राहिली. आमच्या मते याचे एक कारण असे की, मुळशीचे पाणी मुंबईच्या गिरण्यांच्या विजेसाठी होते. त्या लढ्यात परका कोण हे चटकन दिसत होते. भंडारदऱ्याचे पाणी दुष्काळी शेतकऱ्यासाठी होते. पुण्याईचे काम! त्याच्या आड उभे राहणाऱ्याला शहरातून सहानुभूती मिळणे अवघड. आम्ही स्वतः त्या काळी असतो तर कोणाच्या बाजूने उभे राहिलो असतो, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

कारण खाली त्या पाण्याने काय केले ते आम्ही जन्मापासून पाहत आलो. संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना निघाला, त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या गेल्या. बेलापूर रोड नावाच्या स्टेशनाभोवती श्रीरामपूर वाढले. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. १९६१ च्या कमाल जमीन धारणेच्या कायद्याने कंपन्यांच्या जमिनी गेल्या, त्या १९६३ पासून शेती महामंडळाकडे आल्या, आणि मूळ खंडकरी शेतकरी आपल्या जमिनीसाठी पुढे कित्येक दशके भांडत राहिले. साखर कामगारांसाठी पहिले वेतन मंडळ १९५७ साली नेमले गेले. आमच्या आधीच्या पिढीने त्यासाठी लाठ्या खाल्ल्या. जास्त पाण्याने कालव्याकाठच्या चांगल्या काळ्या जमिनी चोपण झाल्या, हेही त्याच हिशोबात धरले पाहिजे. लाल निशाण पक्षाचे कॉ. दत्ता देशमुख, संगमनेर तालुक्यातलेच, पाणी एका पिकाने न पिता सर्वांत वाटले जावे असे जन्मभर सांगत राहिले. त्यांच्या सभांना आम्ही पोरसवदा वयात गेलो होतो. टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन उसालाच पाणी दिले.

या वाटण्यात वरच्या काठाचे नाव कुठे नव्हते. आणि इथे आम्हांला आमची एक चूक सांगायची आहे. ती सांगण्यासाठीच खरे तर हे व्याख्यान आम्ही मागून घेतले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा संप चालू होता. अठराव्या दिवशी व्यवस्थापनाने दोन ट्रक भरून बदली मजूर आणले. अकोल्याच्या डोंगरातली माणसे होती ती. खाचरे कापून झाली होती, घरात दाणे चार महिन्यांचे, कोणी मुकादमाने मजुरी सांगितली आणि ती ट्रकमध्ये बसली. आम्ही फाटकात आडवे झालो. घोषणा देता देता आमच्यातल्या काहींनी दगड मारले, आणि त्यांना आवरायला आम्ही फार घाई केली नाही. एका पोराचे कपाळ फुटले. तो पंधरा-सोळा वर्षांचा असेल. ट्रक परत गेले, संप चार दिवसांनी मिटला, पगार वाढला, आमचे हार झाले. संप फोडणारे म्हणून ती माणसे आमच्या भाषणांत पुढे कितीतरी वेळा आली. ज्यांच्या आज्याच्या शेतावरचे पाणी आमच्या कारखान्याच्या टाकीत होते, ती ही माणसे, हा विचार तेव्हा शिवलाही नाही.

रतनवाडीला त्या रात्री आम्ही हे आजोबांना सांगितले. सांगावे की नाही याचा विचार दुपारपासून चालला होता. त्यांनी ऐकून घेतले. 'तवा आमच्यातलेबी गेले होते कारखान्याला,' ते म्हणाले, 'कोण कुठं गेलं ध्यानात न्हाय आता.' मग थोड्या वेळाने, 'जेवलाव का तुम्ही?' घरातून नागलीची भाकरी आणि कोरड्या माशाचे कालवण आले.

अंधार पडल्यावर काजवे निघाले. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या आधी, या झाडीत ते लाखोंनी दिसतात. हिरडा, सादडा, जांभूळ यांची झाडे एकदम उजळत आणि एकदम विझत. जणू कोणी खटका दाबतो आहे. केन यार्डातला एकजण म्हणाला, 'पाळी बदलल्यासारखं वाटतं.' दूर सडकेवर मोटारींच्या दिव्यांची रांग लागली होती. त्या उजेडात काजवे मावळून जात आणि मोटारीतले लोक ते दिसत नाहीत म्हणून पुढे सरकत.

तिसऱ्या दिवशी कोलटेंभे, मुतखेल करीत परत निघालो. दक्षिणेचा काठ त्या मानाने सोपा आहे, किंवा आमचे पाय तयार झाले होते. वाटेत बोलणे निळवंड्यावर आले. भंडारदऱ्याच्या खाली प्रवरेवरच दुसरे धरण बांधायची कल्पना १९७० सालची, तेव्हाचा अंदाज आठ कोटींच्या आसपास. कालव्यांतून पहिले पाणी सोडले गेले ते ३१ मे २०२३ रोजी, औपचारिक लोकार्पण त्याच वर्षीच्या २६ ऑक्टोबरला, आणि खर्च पाच हजार कोटींच्या वर गेला. डाव्या कालव्याची लांबी पंच्याऐंशी किलोमीटर. ज्या कोरडवाहू गावांनी अर्धशतक वाट पाहिली त्यांच्या शिवारात पाणी पोचले, तेव्हा तिथली माणसे कालव्यात उतरून नाचली आणि आम्हीही त्यांत होतो. टर्नरने विचारले, 'निळवंड्यात कोणाच्या जमिनी गेल्या?' अकोल्याच्याच. त्यांच्या पुनर्वसनासाठी मात्र या वेळी भांडणे झाली, मोर्चे निघाले, करार झाले. भंडारदऱ्याच्या वेळी झाले नव्हते ते एवढे तरी झाले.

संध्याकाळी शेंडीला पोचलो. धरणाच्या झडपेतून पाणी सुटले होते. उन्हाळी आवर्तन चालू होते. इतका मोठा आवाज, की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागे. मास्तरांनी हिशोब मांडला की हे पाणी रंधा, निळवंडे, ओझर करीत आपल्या गावच्या फाट्याला कधी पोचेल. निळवंड्यात ते किती दिवस अडेल यावरून त्यांचा आणि बॉयलरवाल्याचा वाद झाला. एस.टी. स्टँडवर तीन बायका आणि चार पुरुष बोचकी घेऊन बसले होते. नारायणगावकडे टोमॅटोच्या कामाला निघालेले. पाऊस पडेपर्यंत तिकडे, मग भातलावणीला परत. आमची गाडी आधी आली. तिच्यात जागा होती, पण ती संगमनेरला जाणारी, त्यांना आळेफाट्याकडे जायचे होते. त्यांतल्या एका बाईने आमच्या मास्तरांच्या सुतळी बांधलेल्या चपलेकडे बोट दाखवले आणि सगळ्याजणी तोंडाला पदर लावून हसल्या. मास्तरही हसले. मग कंडक्टरने घंटी दिली.